बाहीत शिरलेला हात

समस्त जनतेस कळवण्यात अत्यंत आनंद होतो की, आज सकाळी सव्वासात वाजता माझा उजवा हात कोणाच्याही मदतीशिवाय शर्टाच्या बाहीत शिरला.

गेले दोन महिने तो बायको घालून देत होती. जिममध्ये मी केटलबेल, म्हणजे तो कडीवाला लोखंडी गोळा, फक्त डोक्यावर ढकलायचो, कारण आरशात तेच रुबाबदार दिसतं. खांदा आखडला, हात मागे जाईना. आता हा कायमचाच गेला, या भीतीने झोप उडाली. तिथे शिकवणारी मुलगी म्हणाली, "काका, जितक्यांदा वर ढकलाल तितक्यांदा वाकून कमरेकडे ओढायचं. नुसतं ढकलणं बंद!"

ओढताना आरसा दिसत नाही, फरशी दिसते. त्या फरशीकडे बघताना मनात आलं, जन्मभर आपण मतं, विनोद आणि सल्ले लोकांवर ढकलत आलो. कोणाला जवळ ओढल्याचं काही आठवेना.

आज बायको नेहमीसारखी बाही धरायला आली, तर मी बटणं लावून उभा! खिडकी उघडी आहे हे विसरून ती मोठ्याने म्हणाली, "अगंबाई, मग आता सकाळी तुमच्या जवळ यायचं निमित्तच गेलं की!"