फुकटची टोपी

बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या साली मी मोबाइलवरून फवारणीचा पंप मागवला. कंपनी नावाजलेली, गावोगावच्या भिंतींवर तिची जाहिरात. पैसे भरले तसं त्याच वेबसाइटवर एक पान उघडलं: ‘धन्यवाद! तुमच्यासाठी मोफत भेट. इथे दाबा.’ मी थांबलो. शेजारी बसलेली आई म्हणाली, “घे ना, देऊन राह्यले तं नाही कायले म्हणतं?” नेरच्या कृषी केंद्रात बियाण्याच्या पिशवीसोबत दुकानदार टोपी देतो; ती नाकारली तर त्याला वाईट वाटतं. मी दाबलं.

भेट आलीच नाही. खात्यातून मात्र दर महिन्याला पैसे कापले जाऊ लागले. बारीक अक्षरांत म्हणे मी कसल्याशा योजनेचा सभासद झालो होतो. कंपनीला फोन केला, तर उत्तर मिळालं, “ती योजना आमची नाही, दुसऱ्यांची आहे.” माझं डोकंच फिरलं. अरे, तुमच्या दुकानाच्या ओट्यावर तुम्हीच बसवलेला माणूस तुमचा नाही, तर कोणाचा?

पुढच्या हंगामात दुकानदारानं नेहमीसारखी टोपी पुढे केली. आईनं हात मागे घेतला. “भाऊ, याचे महिन्याले किती कापसान?”

थट्टा समजून तो हसला. मग त्यानं आईकडे पाहिलं आणि टोपी गुपचूप परत ठेवली.