लॅपटॉपचं दावं

माझी मेहुणी नागपूरला राहते आणि तिला दुसऱ्याच्या भल्याची फार घाई असते. त्या उन्हाळ्यात तिने फोनवर जाहीर केलं, "भाऊजी, पोरीला नववीला माझ्याकडे पाठवा. इथे घरी कॉम्प्युटर आहे, क्लास आहे, वायफाय आहे. तुमच्याकडे काय आहे?"

मी आमगावात खत-बियाण्याचं दुकान चालवतो. माझ्याकडे युरिया आहे, असं उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. पण बायको समोर उभी होती आणि तिने डोळ्यांनीच मला गप्प केलं. प्रश्न मात्र खरा होता. पोरगी आठवीची परीक्षा देऊन मोकळी झालेली, आणि तिला कॉम्प्युटरचं वेड लागलेलं. शाळेतली कॉम्प्युटरची खोली बहुतेक वेळ कुलपात, म्हणून ती माझ्या फोनवर बोटं मारत स्वतःचा एक खेळ बनवत बसायची. खेळात एक साप होता. साप सफरचंद खाणार इतक्यात कोणीतरी शेतकरी फोन करून विचारायचा, "भाऊ, खत आलं का?" आणि साप मरायचा.

एक दिवस ती म्हणाली, "बाबा, घरी लॅपटॉप असला तं मी इथंच राहीन. नाही तं मावशीकडे जाते." तिने भांडण केलं असतं तर मीही आवाज चढवला असता, त्यात मी पटाईत आहे. ती शांतपणे बोलली, म्हणून मी घाबरलो. एकुलती एक पोर. एवढ्या लवकर घरातून गेली की पुढे सुट्टीपुरती पाहुणी म्हणून येणार, हे मला स्वच्छ दिसत होतं आणि ते मला नको होतं. शाळा उघडायच्या आत परवडेल असा लॅपटॉप घरात आणायचा, असं मी ठरवलं आणि जेवताना तसं बोललो.

ते मोठेबाबांनी ऐकलं. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेल्यापासून घरात तेच वडीलधारे. एके काळी आमच्या भागात कोणाला बैलजोडी घ्यायची असली की मोठेबाबांना सोबत नेल्याशिवाय कोणी बाजाराची वाट धरत नसे. ते बैलाचे दात बघत, शेपूट ओढत, चालवून बघत, आणि मग खांद्यावरचा दुपट्टा सोडून त्याच्याखाली विकणाऱ्याचा हात धरत. भाव तोंडाने बोलायचा नाही, दुपट्ट्याआड बोटं दाबून ठरवायचा. बाकीच्या लोकांनी बाजूला उभं राहून अंदाज बांधायचे. आता घरोघरी ट्रॅक्टर आले आणि मोठेबाबांचा दुपट्टा नुसता घाम पुसायच्या कामाचा राहिला होता.

"लॅपटॉप घेऊन राहिला म्हणते तू?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आन् एकटाच जाशील?"

"पोरगी येते ना. तिला समजते त्यातलं."

"तिले मशीन समजते. इकनारा मानूस कोनाले समजते?" एवढं बोलून त्यांनी ताटात हात धुतला आणि स्वच्छ धोतर काढायला सांगितलं. मी काही बोलणार तोच बायको म्हणाली, "जाऊ द्या ना, किती दिवसांनी उठले ते." मग काय बोलता!

सकाळच्या गाडीने आम्ही तिघं गोंदियाला निघालो. वाटेत पोरीने मला शिकवलं, "बाबा, रॅम आठ पाह्यजे, आणि आत एसएसडी पाह्यजे. बाकी कसाही चालते. रंगबिंग पाहू नका." मी ते मनात घोकत होतो. मोठेबाबांनीही ते लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "आन् वय किती पाह्यजे?"

बाजारातल्या मोठ्या दुकानात एसीची हवा होती. काउंटरवरच्या तरुण दुकानदाराने एकामागून एक लॅपटॉप मांडायला सुरुवात केली. पोरगी कीबोर्डसमोर बसली, मी किमतीची चिठ्ठी वाचून खुर्चीवर बसलो. मोठेबाबा उभेच होते. त्यांनी पहिला लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला, वर-खाली केला आणि ठेवून दिला. "पोचट हाये," ते म्हणाले. आमच्याकडे ज्या धानात दाणा भरत नाही त्याला पोचट म्हणतात. दुकानदार समजावू लागला, "अंकलजी, ये तो स्लिम है, इसीलिए हल्का है. हल्केवाले का ही पैसा ज्यादा लगता है."

मोठेबाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की, बघ, हा माणूस आपल्याला पोचट धान जास्त भावाने विकून राहिला.

मग त्यांनी सगळ्यात जाड, सगळ्यात स्वस्त लॅपटॉप निवडला, झाकण उघडलं आणि वाकून बटणांची ओळ न्याहाळली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक बटण बोटाने हलवून पाहिलं. पाठीवरून हात फिरवला. "चालवून दाखव," त्यांनी हुकूम सोडला. दुकानदाराने चालू केला. पडद्यावर एक गोल फिरू लागला. तो फिरतच राहिला. पोरगी म्हणाली, "बाबा, हा उघडेपर्यंत माझी दहावी होईन."

"बसकं हाये," जुंपल्यावर बसून घेणाऱ्या बैलाचं करावं तसं मोठेबाबांनी निदान केलं, आणि तरीही खांद्यावरचा दुपट्टा सोडून हात पुढे केला. दुकानदाराला वाटलं म्हातारा शेकहँड करतो आहे. त्याने मोठ्या आदराने हात मिळवला. दुपट्टा त्याच्या मनगटावर पडला आणि त्याखाली मोठेबाबांनी त्याची बोटं करकचून दाबली. "अरे, अरे अंकल! क्या कर रहे हो!" तो एवढ्या जोरात ओरडला की बाजूच्या काउंटरवरचं गिऱ्हाईक वळून बघू लागलं. पोरगी हसून हसून टेबलाखाली वाकली. मला मात्र जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

दुकानदार भला निघाला. बोटं चोळत म्हणाला, आमच्याच गल्लीतल्या एका काकांकडे मुलाचा लॅपटॉप पडून आहे. मुलगा पुण्याला नोकरीला लागला, त्याला कंपनीने दुसरा दिला. तो तुमच्या बजेटमध्ये बसेल. मला वाटतं, आम्हाला दुकानातून बाहेर काढायला त्याने स्वतःचा लॅपटॉपही दिला असता.

काका रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे छत्तीसगडचे. त्यांनी आम्हाला कूलरसमोर बसवलं, बेलाचं सरबत दिलं आणि कपाटातून लॅपटॉप काढून आणला. तो जाड होता, जड होता. मोठेबाबांनी उचलून पाहिला आणि पहिल्यांदा मान डोलावली. पोरीने चालू केला. गोल फिरलाच नाही, सरळ उघडला. तिने आत कुठेकुठे जाऊन पाहिलं आणि माझ्याकडे वळून हळूच बोटांनी आठ दाखवले. तिचा चेहरा इतका उजळला होता की भाव करायची सगळी संधी गेली, असं मला वाटलं.

मोठेबाबांनी ते ताडलं. "पोरी, तू पानी पिऊन ये," म्हणून तिला आत पिटाळलं, आणि मग लॅपटॉपचे दोष सांगायला बसले. कोपऱ्यावर ओरखडा आहे. पाठ तापते. घरी दोन वर्षं काम नव्हतं, म्हणजे अंगात आळस भरला असणार. काका ऐकत होते. ऐकता ऐकता ते हसू लागले. मोठेबाबांनी दुपट्टा सोडला, आणि काय सांगू, काकांनी खुर्ची पुढे ओढून आपणहून त्याखाली हात घातला! गावाकडे त्यांचे वडील बैलांचा व्यापार करायचे. दोघं म्हातारे एकमेकांच्या डोळ्यांत बघत बसले. दुपट्टा मधूनच हलायचा. काका "ऊंहूं" म्हणायचे, मोठेबाबा छताकडे बघायचे. पैसे माझे, लॅपटॉप माझ्या पोरीचा, आणि भाव काय चालला आहे हे आम्हा दोघांनाच माहीत नव्हतं.

"काय झालं?" मी न राहवून विचारलं.

"तू मंधात बोलू नोको," मोठेबाबा म्हणाले. एवढे खूश मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

शेवटी दोघांनी हात सोडले आणि एकमेकांना रामराम केला. भाव माझ्या कानात सांगण्यात आला. तो मी मनात धरला होता त्याहून कमी होता, हे मी कबूल करतो, पण त्या दिवशी केलं नव्हतं.

घरी पोचलो तर बायको दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभी. नवा बैल दारात आला की त्याच्या पायावर पाणी घालतात, तो रिवाज तिच्या अंगात भिनलेला. तिने तांब्या वाकवला मात्र, पोरगी किंचाळली, "आई, पानी नोको!" मग लॅपटॉपला नुसतं कुंकू लागलं. ते आजही झाकणावर दिसतं.

पोरीने सापाचा खेळ त्यावर चढवला. साप एक सफरचंद खाऊन गेला, दुसरं खाऊन गेला. सगळं घर भोवती उभं. तेवढ्यात पडद्यावर सूचना आली की बॅटरी संपत आहे. "बाबा, चार्जर द्या," पोरगी म्हणाली. मी पिशवी झटकली. चार्जर नव्हता. मी स्वतःच्या डोळ्यांनी काकांना तो पिशवीत टाकताना पाहिलं होतं.

"तो का? तो मी पिशवीतून काढला आन् तिथंच ठेवला," मोठेबाबा खाटेवरून म्हणाले.

"काऊन? कशाला?" मी विचारलं.

"कोनाच्या जनावराचं दावं कोनी घरी आनते का? जनावर इकते, दावं इकत नाई. दावं त्याच्या घरी राहाले पाह्यजे, नाई तं खुटा रिकामा दिसते. आपल्या घरी फोनचे वायर काय कमी हायेत?"

आता माझा संयम सुटला. मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. फोनच्या चार्जरने लॅपटॉप चालत नाही, इथपासून सुरुवात करून मी ट्रॅक्टरच्या युगात दुपट्टा घेऊन फिरणाऱ्या माणसांपर्यंत पोचलो. मोठेबाबा ऐकून घेत होते. लॅपटॉपचा पडदा काळा झाला. आणि नेमका तेव्हाच मेहुणीचा फोन आला. "काय भाऊजी, घेतला म्हणे लॅपटॉप? चालते का?"

"घोड्यासारखा," मी म्हणालो, आणि पोरीने माझ्याकडे असं पाहिलं की माझा घास अडकला असता, जेवत असतो तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठेबाबा खाटेवर नव्हते. शेतात नव्हते, देवळात नव्हते. दुपार झाली तशी माझी चांगलीच तंतरली. आदल्या दिवशीचं माझं एकेक वाक्य मला आठवू लागलं. बायको सारखी दारात जाऊन रस्ता बघून येत होती. दिवस कलल्यावर मोठेबाबा स्टेशनच्या बाजूने ऑटोतून आले. हातात चार्जर, व्यवस्थित गुंडाळलेला.

"दिला त्यानं?" मी विचारलं.

"तो तं कालच देत होता. मीच घेत नोतो. पन रिकाम्या हातानं कसं मांगाव? अंबाडीचं नवं दावं वळून ठेवलं होतं, ते त्याले दिलं आन् हे आनलं. त्यानं बैठकीतल्या खिट्टीवर टांगलं. जेवाले बसवलं मले." मग ते पोरीला म्हणाले, "धर. आता खुटा ना त्याचा रिकामा, ना आपला."

मी त्यांच्यासाठी पाणी घेऊन आलो. माफी मागायची आमच्या घरात पद्धत नाही, पाणी द्यायची आहे. त्यांनी ते घटाघट प्यायलं.

पोरगी राहिली. नववी राहिली, दहावी राहिली. लॅपटॉपने तिला घरात ठेवलं, हे खरंच. पण घरात ठेवलं म्हणजे लॅपटॉपच्या मागे ठेवलं. जेवायला बोलवायचं तर फोनवर मेसेज टाकावा लागे. तरी रात्री झोपण्याआधी तिच्या खोलीतून बटणांची टकटक ऐकू यायची आणि मला बरं वाटायचं. मोठेबाबा अधूनमधून जाऊन लॅपटॉपच्या पाठीवर हात ठेवून यायचे, तापला का बघायला.

दहावीचा निकाल चांगला लागला, नको तितका चांगला. या जूनमध्ये अकरावीसाठी ती नागपूरला गेली, मावशीकडेच. या वेळी मला कोणी विचारलं नाही आणि मीही अडवलं नाही. तिने स्वतः ठरवलं होतं आणि ते बरोबर होतं. तो जाड लॅपटॉप पाठीवरच्या बॅगेत घालून ती गाडीत बसली.

स्टेशनवरून घरी आलो. तिच्या खोलीत गेलो. खिट्टीवर चार्जर टांगलेला. अंबाडीच्या दाव्यासारखा, नीट वेटोळं करून.

मी तसाच ओरडत मोठेबाबांच्या खाटेकडे गेलो, "पुन्हा तुम्ही बॅगेतून चार्जर काढला! पोरीचं शिक्षण आहे ते, बैलबाजार नाही!" म्हातारा हातातली कवळी बाजूला ठेवून शपथेवर सांगू लागला, मी शिवलो पन नाई. मी ऐकायला तयार नव्हतो. तिथल्या तिथे पोरीला फोन लावला. गाडीचा आवाज येत होता.

"चार्जर घरीच राहिला, उद्याच्या गाडीने घेऊन येतो," मी म्हणालो.

"नोका येऊ बाबा," ती म्हणाली. "तो मीच टांगला. मावशीला दुसरा घेऊन ठेवायला लावला होता मी. दावं राहू द्या तुमच्याकडे."

मी फोन मोठेबाबांच्या हातात दिला.