गुरं कुणाकडे बघतात

माझ्या धाकट्या भावाने जन्मभर कुरणंच काढली. साध्या पेन्सिलीने. टेकडी, ओढा, चरायला सोडलेल्या गाई आणि कोपऱ्यात बादली घेतलेली एक बाई. फ्रेमवाला ती चित्रं दवाखान्यांना विकतो. डॉक्टरची वाट बघत ताटकळला असाल, तर पाहिलंही असेल एखादं.

त्याची कामाची तऱ्हा उफराटी. आधी गाई काढायच्या, बाई सगळ्यात शेवटी. पण गाईंच्या माना पहिल्यापासूनच त्या रिकाम्या कोपऱ्याकडे वळलेल्या! मग हा हाक मारणार, "अगं, ये!" की भावजय हातातलं काम टाकून, बादली घेऊन दारात हजर. पाव तास हलायचं नाही. तरी मला डोळा मारून म्हणायची, "बघा वन्सं, गुरांना तरी माझं कौतुक आहे!"

ती जाऊन वर्ष झालं. तेव्हापासून हा गाई काढतो आणि कोपरा तसाच सोडतो. मला वाटलं, कुणाच्या लक्षात येतंय! पण परवा फ्रेमवाल्याने चित्र परत पाठवलं. सोबत चिठ्ठी: 'गुरं कुणाकडे बघतायत? चित्र पुरं करा, नाहीतर पुढचं घेणार नाही.'

मी भडकले, आणि तेही भावावरच. "हे काम गेलं तर दिवसभर भिंतीकडे बघत बसशील. काढ की कुणालाही!"

"कुणालाही कसं काढू?"

"मग मला काढ!" मी बादली उचलली आणि राहिले दारात उभी. अडुसष्टाव्या वर्षी! गुडघे नुसते बोंबलत होते.

तो माझ्याकडे बघत राहिला. पेन्सिल काही कागदाला टेकेना. त्याचे डोळे भरले. त्या दारात मी उभं राहायला नको होतं.

"ताई, तू बस," तो म्हणाला.

मग त्याने खोडरबर घेतलं आणि गाईंची डोकी खोडायला लागला. एकेकीची मान खाली वळवली, तोंड गवतात घातलं. नऊ गाई होत्या. सगळी दुपार गेली. शेवटी कोपऱ्याकडे बघणारं फक्त एक वासरू उरलं.

"अरे, ते राहिलं," मी म्हणाले.

"राहू दे गं," तो म्हणाला. "त्याला अजून सांगितलेलं नाही."