मागून आणलेली गोधडी

धुळ्याच्या स्टँडवर सुरतची बस लागली, तेव्हा आई माझ्याशी बोलत नव्हती, बसशी बोलत होती. "नीट लई जाय माय हिले," म्हणत तिने पत्र्यावरून हात फिरवला. मग खिडकीशी येऊन मला विचारलं, "तठे तुनं कोन शे?" मी तोंड उघडायच्या आत बस हलली. तिथे माझं कुणीच नव्हतं म्हणा.

बायांनो, सोनगीरजवळचं आपलं गाव सोडून मी नवऱ्यामागे सुरतेला आले. ते लूमवर कापड विणायला जायचे, मी दिवसभर एका खोलीत. गल्लीत कुणी पाहिलं की मान हलवायची आणि आत पळायचं, एवढाच माझा शेजारधर्म. वर्षभरात दिवस गेले आणि आईचा फोन आला, पहिलं बाळंतपण माहेरीच, पुढच्या महिन्यात न्यायला येते.

मला जायचं नव्हतं. साड्यांच्या फॉल-बिडिंगचं काम नुकतंच हाताला लागलं होतं. आणि खरं सांगते, एकदा आईच्या हातचं खाल्लं की मी काही परत यायची नाही, अशी मला माझीच भीती वाटत होती. आईला तोंडाने सांगून काही पटत नाही, तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणून ठरवलं, ती येईपर्यंत बाळाची गोधडी शिवून ठेवायची. पोरीचा जम बसलाय, हे तिला डोळ्यांनी दिसू दे.

सगळ्यात सोपा चौकोन निवडला. सारख्या मापाच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडायच्या. वीतभर लांब, वितीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या रुंद. कामातल्या साड्यांच्या चिंध्या घेऊन जोडल्या, तर चौकोन एका बाजूने आखूड! शिवणीत जाणारं कापड मी धरलंच नव्हतं. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून जरा रुंद माप केलं, तेव्हा कुठे चारही बाजू सारख्या आल्या. एक चौकोन उभ्या पट्ट्यांचा, त्याला लागून आडव्या पट्ट्यांचा. छान दिसत होतं. फक्त कापड सळसळतं, घाम न टिपणारं. असल्यावर तान्हं बाळ कोण निजवेल?

त्याला धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनेरच लागतं. आमच्या संसारात तर चादरीपासून पायपुसण्यापर्यंत सगळं नवंकोरं. कापडाच्या शहरात मला कापड मिळेना. बाळासाठी जुनेर मागायला लाज नसते, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत. सुरतेला ते माहीत आहे का, देव जाणे!

शेवटी घरमालकीण जशूबांचं दार वाजवलं. मला गुजराती येईना. पोटावर हात ठेवला आणि वाळत घातलेल्या साडीकडे बोट दाखवलं. त्यांना वाटलं, पोरीला डोहाळा लागलाय. त्या कपाटातली नवी साडी घेऊन आल्या! मी नको नको म्हणतेय, त्या रागावतायत. गलका ऐकून समोरच्या शकीलाखाला आल्या. त्या मूळच्या चाळीसगावच्या निघाल्या. जशूबांना त्यांनी गुजरातीत समजावलं आणि मला मराठीत झापलं, "सालभर नुसती मुंडी हलवत जातेस! बोलायला काय पैसे पडतात का गं?"

तासाभरात माझी ओटी भरली. जशूबांची सुती साडी, खालांच्या नवऱ्याची लुंगी, शेजारी राहणाऱ्या ओडिशातल्या लूमवाल्याचा गमछा. त्याच पुठ्ठ्याच्या मापाने पट्ट्या कापून मी या जुनेराची गोधडी शिवली.

आई आली ती परतीची दोन तिकिटं घेऊनच. गोधडी उलटीसुलटी करून म्हणाली, "टाका मोठा शे." मग एकेका पट्टीवर बोट ठेवत गेली. "हाऊ तुकडा कोना शे? आनि हाऊ?" मी सांगत गेले. सगळं ऐकून पदर सावरत उठली आणि म्हणाली, "चाल, त्यासना घर दखाड."

तिची अहिराणी आणि जशूबांची गुजराती अशी काही जुळली की दुपार झाली तरी दोघी उठेनात. माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. घरी येऊन आईने गावी माझ्या वडिलांना, आबांना, फोन लावला, "पोर आठेच राही. मीच राहसू दोन महिना." तो फोन ऐकताना मी मोठ्याने रडले आणि आबांना वाटलं, कळा सुरू झाल्या.

तुम्ही अजून विचारता, तिकडे करमतं का? न करमायला काय झालं? आणि तुमच्यातली कोणी उद्या नव्या गावी निघाली, तर तिला एवढंच सांगते, ज्या गल्लीत दार वाजवून फाटकं मागता येतं, तिथे आपलं घर झालं म्हणून समज. नवं काय, दुकानदारसुद्धा देतो.