कोपऱ्याचा वास

समजा, तुमच्या हातात वॉर्निशच्या फवाऱ्याचा कॅन आहे, छापलेल्या रंगावर राखणीचा थर देणारा. समोर टेबलावर जाड सुती कागद, त्यावर काल छापलेलं चित्र. कॅन दोन मिनिटं खळखळ हलवायचा. वीतभरापेक्षा थोडं जास्त अंतर ठेवायचं. फवारा कागदाच्या बाहेर सुरू करायचा आणि पलीकडे बाहेरच थांबवायचा. मध्ये हात अडखळला, तर थेंब बसतो आणि तो पुसता येत नाही. एक पातळ थर आडवा, सुकला की दुसरा उभा. हे सगळं मास्क लावून. मग वाट बघायची.

थोरली हे चौदा वर्षं करते आहे. दुकान दोन जावांचं. धाकटी छापते आणि बांधून देते, थोरली फवारते. सुकलं की नाही हे ठरवायची थोरलीची एकच रीत आहे. मास्क खाली ओढायचा, कागदाचा कोपरा उचलायचा, हुंगायचा. तिखट वास आला तर थांबायचं, नाही आला तर बांधायचं. धाकटी म्हणते, ताईंनी मास्क दागिन्यासारखा गळ्यातच घातलाय.

मागच्या आठवड्यात दोन प्रिंट परत आल्या. काळ्या भागावर बांधताना घातलेला बटर पेपर चिकटला होता, सोलताना रंग निघाला. हवा दमट होती, असं थोरली म्हणाली. धाकटीला ते पटलं. थोरलीला स्वतःला पटलं नाही. त्या प्रिंट बांधायला दिल्या त्या दिवशी तिला वास आला नव्हता, एवढंच तिला आठवत होतं.

कॅन नवा होता. त्यावर ‘कमी वासाचा’ असं छापलेलं होतं. हा धागा तिने घट्ट धरला. तरी घरी ती चोरून साबण हुंगू लागली, चहाचा डबा उघडू लागली. वास यायचा. पण हातात साबण आहे हे डोळ्यांना दिसत होतंच. नाकाने सांगितलं की डोळ्यांनी, हे काही तिला ठरवता येईना.

आज सोळा प्रिंट टेबलावर आहेत. एका म्हाताऱ्या चित्रकर्तीचं पहिलं प्रदर्शन आहे, परवा. थोरलीने पहिला कोपरा उचलला. काही नाही. दुसरा, पाचवा, नववा. कुठेच काही नाही. म्हणजे सगळं सुकलं, किंवा काहीच सुकलं नाही.

धाकटीला विचारता येत नव्हतं. तिला पाचवा महिना आहे आणि डॉक्टरांनी या खोलीत पाऊल टाकायलाही मनाई केली आहे. तेवढ्यात फ्रेमवाले काका माप घ्यायला आले. थोरलीने सहज विचारल्यासारखं करत एक प्रिंट त्यांच्यापुढे धरली.

“काका, जरा बघा हो, वास येतोय का?”

काकांनी मनापासून हुंगलं. “नाही बुवा.” मग हसले. “पण वहिनी, मला काय विचारता? तीस वर्षं पॉलिश मारतोय. माझं नाक आता चष्मा टेकवायलाच उरलंय.”

थोरलीही हसली. हातातला कागद मात्र तिने खाली ठेवला. जरा वेळाने तिने विचारलं, हे कधी झालं. काकांनी विचार केला. ते काही कळलंच नाही, म्हणाले. एकदा घरात दूध करपलं आणि बायको ओरडत आली, तेव्हा लक्षात आलं.

ते गेल्यावर थोरलीने मास्क वर ओढला, पट्टे आवळले. सोळाही प्रिंट मधून हवा खेळेल अशा पसरल्या आणि काचेच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या धाकटीला हाताने खूण केली, आज बांधायच्या नाहीत, उद्या दुपारी. धाकटीने टेपचा रोल खाली ठेवला आणि दाराशी तोंड आणलं.

“का हो ताई? वास येतोय अजून?”

काचेतून आवाज बारीक आला, पण शब्द न् शब्द ऐकू आला. थोरलीने टेबलावरचा कॅन उचलून ‘कमी वासाचा’ ही अक्षरं पुन्हा वाचली. याचा वास कमी झालाय, की माझं नाक?