नानांचा शेप्या

आमच्याकडे आंबा खायला बसले की नाना कोय ताटात ठेवत नसत. चोखून, रांजणापाशी धुऊन ती सदऱ्याच्या खिशात टाकत. इतरांच्या कोयाही मागून घेत. ऐंशीच्या दशकात मी हसनाबादला मास्तर म्हणून नवा आलो, तेव्हा शेजारच्या या विधुर शेतकऱ्याची ओळख झाली ती अशी. "आंबे तुमचे, कोया माझ्या. बराबर, मास्तर?"

या कोया ते गावातल्या लहान शेतकऱ्यांच्या बांधावर लावत, कायमच्या जागेवरच. "रोप उपटून नेलं की सोटमूळ तुटतं. मंग ते जन्मभर पाण्यासाठी मालकाच्या तोंडाकडं बघतं." कोयीतून उगवलेला खुंट बोटाएवढा जाड झाला की त्यावर केशर आंब्याची काडी बांधून कलम करून देत. मोबदला म्हणून फक्त भाकरी खात. मोसंबीवाले थट्टा करत, "नाना, तुमचा आंबा आमचे नातू खातील."

"मंग त्यांना सांगून ठेवा, कोया फेकू नका म्हणावं."

पुढे विहिरी आटल्या, मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. बांधावरचे आंबे तगले. नानांनी त्यावरून कुणाला एक शब्द ऐकवला नाही.

त्यांचा स्वतःचा जीव मात्र वडिलांनी लावलेल्या शेप्यावर होता. लहान, दोराळ, शेपूच्या वासाचा आंबा. त्याची काडी कुणी मागत नसे. तो उभा होता नाना आणि धाकटे भाऊ बापू यांच्या सामाईक बांधावर. वाटणीपासून दोघांत बोलणं नव्हतं. सावलीने कपाशी खुरटते, ही बापूंची तक्रारही तिसऱ्याच्या तोंडून येई. नाना दर वर्षी बापूंच्या बाजूच्या फांद्या छाटत. मला म्हणत, "मुळं कशी छाटू, सांगा?"

एका पावसाळ्यात नाना कलमं बांधायला धावडा या गावी गेले होते. त्या दिवशी बापूंनी झाड पाडलं. संध्याकाळी नाना माझ्या दारात आले. हातात ओलं फडकं, त्यात पडल्या झाडाच्या काड्या.

"मी तिकडं लोकांची झाडं बांधून राह्यलो, अन् इकडं..." त्यांनी फडकं पुढे केलं. "तुमच्या अंगणात मी लावलेले खुंट आहेत ना? जल्दी करा. काड्या सुकतील."

पाच बांधल्या, एक फुटली. बांधताना म्हणाले, "हात शिकून घ्या, मास्तर." मी म्हणालो, "पुढच्या वर्षी." कृती तेवढी वहीत लिहून ठेवली. पुढच्या पावसाळ्याआधी नाना गेले. त्यांचा मुलगा पुण्याहून आला, तेराव्यानंतर परतला. मग उन्हाळ्यात आंबे खाताना कोया मागायला कुणी येईना. तरी मी त्या धुऊन ठेवत राहिलो.

बऱ्याच वर्षांनी बापू माझ्या ओट्यावर येऊन बसले. पार थकले होते. मी अंगणातल्या शेप्याचा आंबा कापून पुढे ठेवला. वासानेच त्यांनी ओळखला. खाल्ला. बराच वेळ कोय हातातच होती.

"बांधावर कोय लावल्ती, मास्तर. त्याच जाग्यावर. खुंट झालाय आता. काडी देता का?"

"बांधणार कोण? मला येत नाही."

"मला येतं. दादानंच शिकिवल्तं, लहानपणी."

मी काड्या उतरवून ओल्या फडक्यात गुंडाळून दिल्या. ते उठले नाहीत.

"झाड पाडलं त्या दिशी दादा काही बोलल्ता का?"

खोटं सांगावंसं वाटलं. पण म्हणालो, "तुमच्याविषयी काही नाही. काड्या सुकतील, म्हणाले."

बापूंनी मान हलवली. रांजणापाशी जाऊन त्यांनी फडकं पुन्हा भिजवलं आणि ते शेताकडे निघाले.