परिशिष्टातलं कॅलेंडर

कोणी काहीही ठामपणे सांगितलं की ती पर्समधून पांढरा सुती रुमाल काढायची आणि म्हणायची, "पुसून बघू." आयर्लंडमधल्या सँडीफोर्डच्या आमच्या ऑफिसची खिडकी, लुआस ट्रामच्या थांब्यावरचा कठडा, काहीच तिने सोडलं नव्हतं. आमच्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा चहाच्या आधी बाल्कनी पुसून झाली. माझी बायको खळखळून हसली. माझ्या एखाद्या बोलण्यावर ती तशी हसल्याचं मला आठवत नाही.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. त्याचं काही चुकत नाही, आणि तेच आपल्याला खुपतं.

ती उरणची. वडील जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर, त्यामुळे बंदर तिच्या घरातलंच. मी पुण्याचा, मोठं जहाज जवळून पाहिलं ते आयर्लंडमध्ये आल्यावर. पर्यावरण सल्लागार कंपनीत आम्ही एकाच कामावर होतो, आणि त्या कामाचा प्रमुख मी होतो. धक्क्याला लागलेलं जहाजही दिव्यांसाठी आणि पंपांसाठी आपली जनित्रं चालू ठेवतं. जमिनीवरून वीज दिली तर ती बंद ठेवता येतात. हा खटाटोप करायचा की नाही, हे बंदराला ठरवायचं होतं. शेजारच्या गल्लीत पडणारी काजळी रस्त्यावरच्या गाड्यांची आहे, जहाजांची नाही, असं माझं संगणकावरचं गणित सांगत होतं.

"पुसून बघू," ती म्हणाली.

मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागली. घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती. मी सँडीफोर्डमध्ये अडकलो. ती बंदरालगत खोली घेऊन राहत होती, त्यामुळे ती गल्ली तिच्या हद्दीत आली. याचाही मला रागच आला.

गल्लीच्या टोकाला सत्तरीच्या एक बाई राहत. निळ्या धुराड्याचं मालवाहू जहाज धक्क्याला लागलं की "युअर मॅन आला गं," म्हणजे तिकडच्या बोलीत 'तो बाबा आला', असं शेजारणीला ओरडून सांगत, दोरीवरच्या चादरी आत ओढत आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर फुली मारत. ही त्यांची जुनी सवय. हिने फाटकाबाहेर उभं राहून त्या पानांचे फोटो मागून घेतले. फुल्या बंदराच्या नोंदींशी तारीखवार जुळल्या. रस्ते रिकामे होते, तरी खिडक्या काळ्या होतच होत्या.

तिचा फोन आला. "गाड्यांची काजळी कोरडी असते, झटकली की जाते. ही बोटांत चोळली की तेलकट लागतेय. ऐक ना, तुझ्या गणितात धक्क्यावरची जहाजं झोपलेली आहेत का रे?"

मी तपासलं. झोपलेली होती. मुख्य इंजिन बंद झालं की उरलेल्या जनित्रांचा धूर नगण्य, असं धरून मी तिथे शून्य घातलं होतं. टगबोटवाल्याच्या मुलीने हे कधीच धरलं नसतं.

गणित मी दुरुस्त केलं. कॅलेंडर मात्र अहवालाच्या शेवटच्या परिशिष्टात घातलं, 'स्थानिक निरीक्षणे' या मथळ्याखाली. त्यावर तिचं नाव नव्हतं.

"माळ्यावर टाकलंस होय?" तिने विचारलं.

"अहवालाची एक पद्धत असते."

"बरं, साहेब."

बंदराच्या समितीची बैठक ऑनलाइन झाली. एका अधिकाऱ्याने विचारलं, "पहिल्या मसुद्यात तुम्ही गाड्यांना दोष दिला होता. मग हे जहाजांचं कसं लक्षात आलं?" ती बैठकीत होती, माइक बंद ठेवून. तिला बोलायला सांगणं एका वाक्याचं काम होतं. मी मसुद्याची पानं वरखाली करत राहिलो. तेवढ्यात तिचा मेसेज आला: "सांग की. तुला सगळं माहितीये."

मी सगळं सांगितलं, फक्त कोणी शोधलं ते सोडून. एका धक्क्यावर जमिनीवरची वीज देऊन बघायचं ठरलं. अभिनंदन माझं झालं. तिनेही केलं, आणि मनापासून केलं. ते ऐकणं सगळ्यात अवघड गेलं.

२०२१ च्या वसंतात वडिलांच्या आजारपणामुळे ती उरणला परत गेली. निरोपाच्या कॉलवर मी हवामानाबद्दल बोललो.

शरदात त्या धक्क्यावर पहिल्यांदा केबल जोडली गेली. मी मुद्दाम त्या गल्लीत गेलो. निळ्या धुराड्याचं जहाज धक्क्याला होतं, धुराड्यातून काही निघत नव्हतं आणि बाईंच्या चादरी बाहेर दोरीवर होत्या.

"तुमची ती पोरगी कुठंय?"

"भारतात परत गेली."

"हे तिनेच केलं ना?"

"हो. तिनेच," मी म्हणालो. हे मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हणालो होतो, तेही ज्यांना आधीपासून माहीत होतं त्यांना.

"आणि तू कोण?"

"तिच्याबरोबर कामाला होतो."

"ग्रँड," म्हणजे तिकडचं 'बरं', म्हणून त्या चिमटे लावायला वळल्या.

जाताना मी खिशातला रुमाल काढला आणि त्यांच्या कुंपणाचा कठडा पुसला. फिकट करडा पट्टा उठला. तो बोटांत चोळून पाहिला, दोनदा. कोरडा आहे की तेलकट, ते मला कळेना.